कुंदाताई आणि घरची गाडी

कुंदाताई विकाऊ गाडी पाहायला गेली की स्टिअरिंगकडे ढुंकूनही पाहायची नाही. आधी मागचं दार उघडायची, वाकून पायाखालची मॅट उचलायची आणि तिथं नाक नेऊन वास घ्यायची. मग मागच्या सीटवर बसून दार लावून घ्यायची आणि डोळे मिटून गप्प राहायची. गाडीवाला माझ्याकडे पाहायचा, मी विजेच्या तारांकडे. थोड्या वेळानं ती बाहेर यायची, हात झटकायची आणि म्हणायची, "किळस आली गा संजू. चाल."

मागची सीट एवढ्यासाठी की तिथं तिची माय बसणार होती. "समोर मी बसन," ती म्हणायची. "माह्यं काय, मी जिंदगीभर एसटीत उभी राह्यली. माह्या नाकाले सारी सवय हाये. मायले काहून घाणीत बसवू?"

नागपूरला, बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. आता माय गेल्यावर तो फ्लॅट विकून ती रायपूरला लेकीकडे राहायला गेली आहे आणि तिच्या जागी आलेले लोक त्यांच्या चपला माझ्या दारात काढतात. तिचा नवरा एसटीत ड्रायव्हर होता. तो गेल्यावर त्याच्या जागी तिला कंडक्टरची नोकरी लागली आणि ती निवृत्त होईपर्यंत तिनं ती केली. बोलणं निवृत्तीनंतरही कंडक्टरचंच होतं. लिफ्टमध्ये चार माणसं दिसली की आपोआप तोंडातून निघायचं, "चला, आत सरका, दारात थांबू नका."

तिची माय नरखेड तालुक्यात गावी, धाकट्या भावाकडे, दिवाकरकडे होती. मायचे डोळे जात होते. नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगितलं होतं आणि हेही स्पष्ट सांगितलं होतं की खंड पडला आणि नजर गेली तर गेलेली परत येणार नाही. मायचे गुडघे एसटीची पायरी चढायला तयार नव्हते. दिवाकरकडे पिकअप होती, संत्री कळमन्याच्या बाजारात न्यायची. पण तीत संत्र्याला जागा असायची, मायला नसायची. कधी मजूर मिळाले नाहीत, कधी टायर गेलं, कधी साळ्याचं लग्न. दोन महिने असेच गेल्यावर कुंदाताईनं ड्रायव्हिंग क्लास लावला, निवृत्तीच्या पैशातून थोडे बाजूला काढले आणि म्हणाली, "माह्या मायले मीच नेईन न् मीच आणीन."

मला गाडीतलं काही कळत नाही. मी घरी बसून कॉम्प्युटरवर एका कंपनीचे हिशेब करणारा माणूस, पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला असतं हे मला उतरून पाहावं लागतं. पण पहिल्या दिवशी ती एकटीच गेली होती आणि रिंग रोडवरच्या यार्डातल्या पोरानं तिला विचारलं होतं, "काकू, साहेब कुठं आहेत? साहेबांना घेऊन या." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी बेल वाजवली. "तुले काही बोलाचं नाही. तुले मिशा हायेत ना, तेवढ्याच लागतेत."

आणि खरंच तेवढ्याच लागायच्या. ती विचारायची, "गाडी कुठं ठोकली होती का?" आणि गाडीवाला माझ्याकडे वळून म्हणायचा, "नाही सर, बिलकुल नाही." मला इतकी शरम वाटायची की एकदा मी सांगितलं, "अहो, बाई विचारताहेत, त्यांना सांगा." तो हसून म्हणाला, "सर, मॅडमला कलर दाखवतो ना." थोबाडीत द्यावी असं वाटलं. दिली नाही, कारण मला बोलायला मनाई होती.

त्या यार्डांमध्ये फिरून मला एक गोष्ट कळली. नागपुरातल्या प्रत्येक विकाऊ गाडीची मालकीण डॉक्टर असते. लेडीज हँड, सिंगल ओनर, फक्त घर ते दवाखाना. अशाच एका डॉक्टर मॅडमच्या गाडीचं दार कुंदाताईनं उघडलं तर दाराच्या कप्प्यात खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या, रिकाम्या पन्न्या ठासून भरलेल्या आणि खिडकीखाली बाहेरच्या बाजूनं पिचकाऱ्यांचे लाल ओघळ, पॉलिश मारूनही न गेलेले. कुंदाताईनं दोन बोटांनी एक पन्नी उचलून त्या पोरासमोर धरली. "डॉक्टरीणबाई दवाखान्यात थुंके का रस्त्यानं?" पोरगं म्हणालं, "काकू, तुम्ही पण ना." त्याला जराही काही वाटलं नाही. खोटं पकडलं गेलं की माणूस निदान खाली पाहतो असा माझा समज होता, तो त्या यार्डात मोडला.

त्या वर्षी पावसाळ्यात नाल्याचं पाणी शहरातल्या कितीतरी पार्किंगमध्ये शिरलं होतं. गाड्या काचेपर्यंत बुडाल्या होत्या. महिन्या-दोन महिन्यांनी बाजारात एकाएकी स्वस्त, चकचकीत, अत्तर मारलेल्या गाड्या दिसायला लागल्या. दार उघडलं की लव्हेंडरचा भपकारा यायचा आणि मॅट उचलली की तिच्या खालून दुसरा वास, गटाराचा. कुंदाताई म्हणायची, "एवढी धुतली म्हणजे धुवासारखं काही तरी होतं." त्या गाड्यांमध्ये आता कुणाची तरी लेकरं, कुणाचे म्हातारे बसणार, वायरी कधी दगा देतील त्याचा नेम नाही, आणि विकणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन पोटभर जेवणार. मला या सगळ्याचीच शिसारी आली होती. मी तिला म्हटलं, सोड हा नाद, सध्या करतोय तशी दर महिन्याला भाड्याचीच गाडी करू. ती म्हणाली, "आन भाड्याचा ड्रायव्हर मायले दवाखान्याच्या पायरीवर उतरवून देईन न् हॉर्न वाजवत राहीन. पाह्यलं मी ते."

यार्डं सोडून आम्ही मग जाहिराती पाहून घरोघरी जायला लागलो. एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. दारात तुळस, भिंतीवर देव, बोलणं इतकं अदबीचं की कुंदाताईनं तिथं मॅटसुद्धा जरा हळूच उचलली. गाडी स्वच्छ होती. "खोटं बोलणं आमच्या स्वभावात नाही," ते म्हणाले. "मी स्वतः चालवतो, तीही भाजी आणायला." आम्ही चहा घेत होतो. त्यांची बायको चिवड्याची बशी ठेवता ठेवता सहज म्हणाली, "गाडी गेली की आता ड्रायव्हरकडून रोजचं भाडं यायचं ते बंद होणार बाई." गृहस्थांनी बशी आमच्याकडे सरकवली. मग हसून म्हणाले, "व्यवहारात एवढं तेवढं चालतं." कुंदाताईनं कप खाली ठेवला. "चालत असन. तुमच्या घरी चालत असन."

ती माझ्या स्कूटरवर मागं बसली. सिग्नलला म्हणाली, "यार्डातल्या पोट्ट्याचं मले काही नाही वाटत. त्याचा धंदाच हाये तो. पण ह्या मानसाच्या घरी मी चहा पेली गा."

त्याच संध्याकाळी दिवाकरचा फोन आला. "ताई, कशाले लोकायच्या दारी भटकून राह्यली? घरची गाडी हाये ना. मी आता मोठी घेऊन राह्यलो, ही तूच घे." पिकअप नव्हे, कार; साळ्याकडे असते पण वर्षभर आपणच वापरलेली आहे, म्हणाला. भाव तिच्या बजेटात बसणारा सांगितला. फोन ठेवल्यावर कुंदाताईचा चेहरा असा उजळला की मी तिला कधी तसं पाहिलं नव्हतं. गाडीचं राहू द्या, भावाला मायची आठवण झाली याचाच तिला आनंद.

आम्ही एसटीनं गेलो. दिवाकरनं जेवायला वांग्याची भाजी-भाकरी, वर सोललेली संत्री असा थाट केला होता. माय अंगणात बाजेवर बसली होती. तिनं गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "थंडी हाये वं." कुंदाताईनं मागचं दार उघडलं. लव्हेंडरचा वास आला. मला आला म्हणजे तिला आलाच असणार. मी सवयीनं मॅटकडे वाकलो तर तिनं माझा हात धरला. "संजू. भावाचं घर हाये हे."

तिचं बरोबरच होतं. बहिणीनं भावाच्या गाडीची मॅट उचलायची म्हणजे भरल्या अंगणात त्याला चोर म्हणायचं. माय समोर बसलेली, वहिनी चुलीपाशी, दिवाकर हातात किल्ली घेऊन उभा. कुंदाताई मागच्या सीटवर बसली, क्षणभरच, आणि उतरली. "वहिनीनं उदबत्ती लावलेली दिसते," ती म्हणाली. मी दार लावलं, आणि तिनं पैसे मोजून किल्ली घेतली.

पुढच्या आठवड्यात मायला इंजेक्शनसाठी आणायला आम्ही दोघं त्याच गाडीनं गेलो. येताना काटोल मागं पडलं आणि हॉर्न आपोआप वाजायला लागला. थांबेचना. वायपर कोरड्या काचेवर फिरायला लागले, मग सगळंच बंद पडलं, हॉर्न तेवढा चालू. मागून माय विचारत होती, "कोन बोंबलून राह्यलं वं?" भर दुपारी रस्त्याच्या कडेला आम्ही उभे. मेकॅनिक यायला बराच वेळ लागला. त्यानं बॅटरीची वायर काढून तो हॉर्न बंद केला, मग नव्यानं चिकटवलेला गालिचा उचकटला. खाली वाळलेला गाळ होता, काळा, भेगा पडलेला, त्यात रुतलेली खर्ऱ्याची पन्नी. उन्हानं त्याचा वास वर आला. "बुडालेली गाडी आहे ताई," तो म्हणाला. "कोणी दिली तुम्हाला?"

कुंदाताई रस्त्याच्या कडेला गेली आणि ओकली. मग तोंड पुसून तिनं भावाला फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून मला धरायला दिला. आधी दिवाकर म्हणाला, मले का माहीत. मग म्हणाला, इंजिन तं चांगलं हाये. आणि शेवटी, चिडून: "तू तं साऱ्यायच्या मॅटी उचलून पाह्यते ताई. माह्यी काहून नाही पाह्यली? व्यवहार हाये हा."

तिनं हात पुढे करून फोन बंद केला. नंतर वहिनीकडून कळलं की गाडी त्याची नव्हतीच. नागपूरच्या यार्डातून मातीमोल भावात उचललेली, ताईला पाहिजेच आहे म्हणून. तेव्हापासून मला त्याच्या बागेतल्या संत्र्यांचीसुद्धा किळस येते.

ते इंजेक्शन हुकलं, मायला तिथूनच परत गावी न्यावं लागलं. पण एवढ्यावर भागलं नाही. माय त्या उन्हात, त्या हॉर्नमध्ये इतकी भ्याली होती की गाडी म्हटलं की थरथर कापायची. कुंदाताई भाड्याची गाडी घेऊन दारात गेली तर माय बाजेची कड धरून बसली. "मले नाई बसायचं. मले घरीच मरू दे." दिवाकर म्हणाला, तिले भेव वाटते तं राहू दे ना. एक महिना गेला, दुसरा गेला. शेवटी कुंदाताई तिला जवळजवळ उचलून बेसाला घेऊन आली, कायमची. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, फार उशीर झाला, आता इंजेक्शनचा उपयोग नाही.

दुरुस्त करून ती गाडी विकायला लोक तयार होते. रिंग रोडवरच्या यार्डातला तो पोरगाच दारात आला होता. कुंदाताईनं ती भंगारवाल्याला दिली. मी म्हटलं, थोडे तरी पैसे निघाले असते. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या मायले बसवू का त्याच्यात?"

पुढच्या वर्षीची दिवाळी आली. माझी बहीण लांब असते, म्हणून भाऊबीजेला कुंदाताई मला ओवाळायची. त्या वर्षी मायनं माझ्या बायकोकडून फोन लावून घेऊन दिवाकरलाही बोलावलं. तो आला, संत्र्यांची पेटी घेऊन, जसं काही घडलंच नाही. कुंदाताईनं त्याला पाणी दिलं आणि पाट मांडला. माय भिंतीशी खुर्चीत बसली होती. समोरच्या माणसाचं तोंड आता तिला दिसत नव्हतं. कडेकडेनं उजेड तेवढा कळायचा.

आधी मी बसलो. तिनं मला कुंकू लावलं, ओवाळलं, हातावर करंजी ठेवली. मग दिवाकर बसला. तिनं त्याला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या. ताट उचलून त्याच्या तोंडासमोर धरलं आणि तशीच राहिली. खाली फटाके वाजत होते. दिवाकर पाटाकडे पाहत होता. थोड्या वेळानं ती म्हणाली, "झालं. ऊठ."

मायनं मान तिरकी केली. "झालं कुठी वं कुंदे? त्या पोराच्या वक्ताले दिवा फिरला. माह्या दिवाकरच्या वक्ताले तं हाललाच नाई."

दिवाकर उठायला लागला. कुंदाताईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि ताट फिरवलं, सावकाश, मोठं गोल. भावाकडे तिनं पाहिलंच नाही. मायच्या चेहऱ्याकडे पाहत ती ओवाळत राहिली, आणि मग तिनं मायलाच विचारलं, "आता दिसला का वं माय?"