चेहऱ्यावरचा पिवळा

फोटोवाल्याचा सगळा जन्म लोकांना बरं दाखवण्यात गेला. साधा ओळखपत्राचा फोटो असला तरी त्याचा हात स्वस्थ राहायचा नाही. कुणाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं घालव, कुणाच्या नाकाचा लालपणा उतरव. गिऱ्हाईक खूश, हाही खूश. काउंटरवर बसलेली बायको मात्र टोमणे मारायची.

"आलेला माणूस एक, फोटो त्याच्या मेहुण्याचा. कुठेतरी अडवतील बिचाऱ्याला."

तिचं आणखी एक पालुपद होतं. "चौकोनी चेहरे काढता काढता म्हातारे झालात. एक तरी फोटो प्रदर्शनाच्या भिंतीवर लागू दे की." हा हो म्हणायचा. नुसतं हो म्हणायला काय जातं?

मग तिचं यकृत बिघडलं. औषधं झाली, डॉक्टर बदलून झाले, शेवटी सगळ्यांनी गप्प बसायचं ठरवलं. अंग पिवळंजर्द, डोळेही पिवळे. एका सकाळी ती खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. मागे तिनेच निवडलेला पिवळा पडदा. याने कॅमेरा उचलला.

"घ्या, पडद्यावर पडदा," ती हसली. मग हसू आवरून म्हणाली, "काढा. पण मला अशी पिवळी कुणाला दाखवायचं नाही. कबूल?"

"कबूल."

ती गेल्यावर त्याने पहिल्यांदाच स्पर्धेत फोटो पाठवला. हाच. पाठवण्याआधी फक्त तिचा चेहरा आणि हात निवडून त्यांतला पिवळा उतरवला होता. नियम वाचलेच नव्हते. इतकी वर्षं जे केलं त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलं.

फोटो निवडला गेला. प्रदर्शनात लावण्याआधी आयोजकांनी मूळ फाइल मागवली, ती त्याने मुकाट्याने पाठवली, आणि मग परीक्षक बाईंचा फोन आला.

"चेहऱ्याचाच रंग कमी केलात ना?"

"हो."

"सबंध फोटोचा केला असतात तर चाललं असतं. एकाच जागेचा नाही चालत. जे समोर होतं ते बदलतं त्याने."

"समोर माझी बायको होती."

बाई म्हणाल्या, "मूळ फोटो लावायला आम्ही तयार आहोत. खरं सांगू? तोच जास्त चांगला आहे. उद्यापर्यंत कळवा."

त्याने सबंध फोटोतला पिवळा उतरवून पाहिला. नियमात बसत होतं. पण पडदा राखेच्या रंगाचा झाला, भिंतीवरचं ऊन गेलं, आणि ती कुठल्याशा परक्या खोलीत जाऊन बसली. त्याने तो फोटो पुसून टाकला.

"मूळचा द्या, बाबा," लेक म्हणाली.

"तिला शब्द दिलाय."

"भिंतीवर लावायचाही दिला होतात. त्याचं काय?"

"तो आधीचा."

"म्हणजे जुना झाला म्हणून रद्द? आई हयात असती तर तुम्हाला दुकानाबाहेर उभं केलं असतं."

तो चिडला, जेवला नाही. मग मूळ फोटो उघडून बसला. आजवर त्याने त्यात फक्त रंग पाहिला होता. आता दिसलं, की सुई तशीच हवेत धरून ती त्याच्याकडेच बघते आहे, आणि त्या बघण्यात कसलीही लाज नाही. पिवळा पुसताना सवयीने त्याने तिच्या डोळ्यांखालची थकलेली सावलीही पुसली होती. त्या सावलीसकटच तर ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कळवलं. मूळचाच लावा.

प्रदर्शनाच्या दिवशी लेकीने इस्त्रीचा सदरा काढून दिला. फोटो दाराजवळच होता; इतका मोठा फोटो तिचा कधी झालाच नव्हता. लोक येत होते, थांबत होते. एक जण बरोबरच्याला म्हणाला, "आजारी दिसते बाई." वाईट काहीच बोलला नाही तो. पण फोटोवाला पुढे झाला आणि चौकटीला पाठ लावून उभा राहिला, दुकानाच्या दारात उभा राहायचा तसा.

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

तो हलला नाही. समोर एक म्हातारी काठी टेकून ताटकळली होती.

"जरा सरकता का? मला बघायचंय तिला."

त्याने मान खाली घातली आणि बाजूला झाला.