इराच्या डब्याचा ठराव

नारिता विमानतळावर मानसी मला घ्यायला आली होती. लेकीला दीड वर्षाने बघत होते. ती वाकून पाया पडली आणि माझी बॅग हातात घेता घेताच म्हणाली, "आई, इराला घेऊन मी पुण्याला परत यायचं म्हणतेय. निखिल राहील एकटा, कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत."

जपानचं पहिलं दर्शन म्हणून लोक फुजी पर्वताचं वर्णन करतात. माझ्या वाट्याला हे वाक्य आलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. लेक आणि नात माझ्याजवळ राहणार! जावयाची काळजी त्यानंतर आठवली.

त्यांचं गाव योकोहामाच्या पलीकडे, गाडीने दोन स्टेशनांवर. सॉफ्टवेअरच्या कामासाठी आलेली पुण्या-मुंबईची चार-पाच कुटुंबं त्याच इमारतीत राहत. पहिल्याच सकाळी मी नारळाची करवंटी कचऱ्याच्या भलत्याच पिशवीत टाकली. शेजारच्या आजीबाई ती पिशवी परत घेऊन आल्या आणि कमरेत वाकून माझीच माफी मागू लागल्या. मीही वाकले. कोण आधी सरळ होणार, हे काही ठरेना.

इरा दुसरीत होती. तिथल्या शाळेत सगळी मुलं वर्गातच एकसारखं जेवतात. त्याला क्यूशोकु (शाळेतलं दुपारचं जेवण) म्हणतात. मुलंच पांढरे अ‍ॅप्रन घालून एकमेकांना वाढतात. बघायला फार गोड. पण सूपमध्ये माशाचा अर्क, भाजीत मांस. आमची इरा नुसता भात आणि दूध घेऊन उठायची. घरचा डबा न्यायचा तर अ‍ॅलर्जीचं डॉक्टरांचं पत्र हवं, आणि तिला अ‍ॅलर्जी नव्हती. पोर शाळेतून येताना पांढरीफटक दिसायची. मानसीने परत जायचं ठरवलं होतं ते यासाठी.

तरी तिने एक शेवटचा प्रयत्न केला होता. ज्यांच्या घरी काही पदार्थ चालत नाहीत त्या मुलांना डबा नेऊ द्यावा, असा अर्ज तिने नगरसभेला दिला होता. अर्जावर एका सभासदाची सही लागते. हायाशी-सान नावाच्या बाई भेटल्या, त्यांनी आनंदाने केली. आता तो शिक्षण समितीपुढे जायचा होता. समितीचं 'हो' आलं की शाळांना तशी सूचना जाते.

माझा जन्म गेला तो मुंबईला विधिमंडळाच्या कचेरीत, समित्यांचं काम बघण्यात. त्यामुळे हायाशी-सानांनी चहाला बोलावलं तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा पक्ष केवढा?"

मानसीने डोळे वटारले, पण भाषांतर केलं. हायाशी-सान पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या. "दोघी आहोत," त्या म्हणाल्या.

"आणि मोठ्या पक्षाच्या कुणी हा कागद पाहिलाय?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांनी समजावून सांगितलं. इथे काइहा (सभागृहातला पक्षाचा गट) आपल्या खोलीत आधी ठरवतो आणि समितीत त्याप्रमाणे हात वर होतात. विरोधकांच्या सहीचा अर्ज मोठा गट सहसा नाकारत नाही. 'पुढे विचार करू' म्हणून ठेवून देतो. "मी अभ्यासदौऱ्यावर सोलला गेले होते," त्या म्हणाल्या. "कोरियातही कायदा समितीच्या खोलीतच घडतो किंवा अडतो. आणि पक्षाचा हात उठला की माणसाचा उठतो."

आमच्याकडे सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे लोक समितीत शेजारी बसून बटाटेवडे खायचे, मधला मार्ग तिथेच निघायचा. इथे सभागृहात कुणी आवाज चढवत नाही, पण गटाच्या खोलीचं दार बंद. घरोघरी मातीच्या चुली!

मानसीचा चेहरा उतरला. जी बाई आधी मायेने बोलली तिच्याकडेच ती गेली होती; पक्ष बघायचा असतो हे तिला सुचलंच नव्हतं. हायाशी-सानांनी तिच्या कपात पुन्हा चहा ओतला आणि म्हणाल्या, "अर्ज मागे घेऊ. पुढच्या अधिवेशनात नवा द्या. ओकुदा-सानांच्या सहीने. माझं नाव नको."

ओकुदा-सान मोठ्या गटातले सर्वांत ज्येष्ठ. आम्ही गेलो तेव्हा ते कुंडीतल्या झाडाला पाणी घालत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "मुलगी भात तरी पोटभर खाते ना?" मानसीला रडू आलं. ते घाबरून म्हणाले, "आधी आमच्या गटात बोलतो. जरा वेळ लागेल."

त्या वेळात मी योकोहामाचं बंदर पाहिलं. तिथल्या एका जुन्या सिंधी व्यापाऱ्याच्या दुकानातून तूरडाळ आणली. इराला आमटी-भात कालवून भरवला. ती मराठीत ऐकायची, जपानीत उत्तरं द्यायची, आणि झोपताना माझा पदर मुठीत धरायची. ही पुण्याला आली तर रोज असंच, हा विचार काही केल्या जाईना.

माझ्या परतीच्या आठवड्यात समिती बसली. लांबट टेबल, प्रत्येकापुढे नावाची पाटी, समोर फायली घेऊन शिक्षण खात्याचे लोक. मागच्या खुर्च्यांवर आम्ही. बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा कागद हातात दिला होता. उन्हाळ्यात डबा खराब झाला तर काय, असं एकाने विचारलं. अधिकाऱ्याने उत्तर दिलं. मग अध्यक्षांनी अनुकूल सभासदांना हात वर करायला सांगितलं.

त्या क्षणी माझ्याच मनात दोन पक्ष पडले. एक म्हणत होता, पोरीला जेवू दे. दुसरा म्हणत होता, नको, तिला माझ्याकडे येऊ दे. मानसीने माझा हात घट्ट धरला होता. तिचा तळवा गार पडला होता, आणि निखिलला सोडून यायला ती किती घाबरलीय ते मला तेव्हा कळलं.

ओकुदा-सानांचा हात वर गेला. त्यांच्या गटाचे सगळे हात पाठोपाठ. हायाशी-सानांचाही.

बाहेर मी हायाशी-सानांना म्हटलं, "कागदावर तुमचं नाव कुठेच नाही."

"नाव निवडणुकीला लागतं," त्या हसून म्हणाल्या. "डब्यात काय देणार?"

"पोळी-भाजी."

पहिला डबा मीच भरला. इरा तो रिकामा करून आली. दोन दिवसांनी मी एकटीच विमानात बसले. आयुष्यभर मी कितीतरी ठराव मंजूर होताना पाहिले, पण मंजूर झालेल्या ठरावानेही एखाद्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येतं, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. खिडकीकडे तोंड करून मनसोक्त रडून घेतलं.

पुण्याला पोचले आणि फोन वाजला. इरा होती. मराठी शब्द शोधत शोधत म्हणाली, "आजी, तू घरी कधी येणार?"

"अगं, मी घरीच पोचले की."

"ते नाही," ती म्हणाली. "आपल्या."