सात लाल गोळ्या

शेवंतावहिनी गोळी घ्यायच्या ती चुलीपुढे, सासूकडे पाठ करून, चहाच्या पहिल्या घोटासोबत. पाकीट मोहरीच्या डब्यात तळाशी. बोरगावला मी उपकेंद्राची नर्स आणि त्यांची शेजारीण, त्यामुळे हे गुपित मला ठाऊक. पाकिटं द्यायचे मीच.

चार मुली झाल्या होत्या. सासूला नातू हवा होता, वहिनींना बाळंतपण नको होतं. आणीबाणीनंतर ऑपरेशनचं नाव काढलं की माणसं वाट बदलत. राहिल्या पाळणा लांबवायच्या गोळ्या. पाकिटात एकवीस पांढऱ्या आणि सात लाल. लाल म्हणजे नुसतं लोह. या लाल गोळ्या वहिनी ताकदीच्या म्हणून सासूला चारायच्या. "म्हातारी खुश, मी खुश," म्हणत अशा हसायच्या की मलाही हसू आवरत नसे.

गोळ्या सुरू करण्याआधी रक्तदाब मोजायला हवा होता. उपकेंद्राचं यंत्र बिघडलेलं. धडधाकट बाई, काय व्हायचंय, असं मी मनाशी म्हटलं. ते वाक्य आजही माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

पायात काटा मोडो की ताप भरो, वहिनींचं उत्तर ठरलेलं: "देहाले लय विचारत बसू नाई, बाई. लाडावते थो." पुढे डोकं दुखायला लागलं तेव्हाही हेच. यंत्र दुरुस्त होऊन आल्यावर रक्तदाब मोजला, तर पारा दोनशेच्या आसपास.

"वहिनी, आजपासून गोळी बंद. एवढ्या रक्तदाबावर ही गोळी घेतली तर मेंदूत रक्ताची गुठळी होईल."

"चार दिवसांवर महालक्ष्म्या आल्या. आता सोडली तं ऐन सणात पाळी येईन. सोळा भाज्या, आंबील कोन करन? सण झाला का सोडतो."

डब्यातलं पाकीट उचलून आणायला मला चार पावलं होती. सणाचं घर म्हणून मी गेले नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आंबील ढवळताना त्यांच्या उजव्या हातातून पळी गळून पडली. वर्ध्याच्या दवाखान्यातून परत आल्या त्या उजवं अंग आणि वाचा गमावून. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

महिन्याभराने भेटायला गेले. सासू त्यांना पेज भरवत होती.

"नर्सबाई, थ्या लाल गोळ्या आनजो न. मले लय ताकद आलती. आता हिले चारतो."

वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना सगळं कळत होतं. "आणते," मी सासूला म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी एक नवं पाकीट फोडलं आणि त्यातल्या सात लाल गोळ्या सासूच्या हातावर ठेवल्या.