ओल्या पोत्याखालच्या फरशा

दिंद्रुडच्या आमच्या सोसायटीत चुन्याच्या फरशा व्हायच्या. भट्टी नाही, जळण नाही. पाण्यात विरवलेला चुना, विटांची भुकटी आणि वाळू कालवून साच्यात दाबायची, मग फरशा एकवीस दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवायच्या. त्याआधी वाळल्या की तडकल्याच. त्या वर्षी दुष्काळ होता, टँकर आठवड्यातून एकदा यायचा, म्हणून प्रत्येक सभासदानं घरच्या पाण्यातून रोज एक घागर आणायची असं ठरलं होतं.

पोती भिजवायचं काम नीलम्माचं. तिचा नवरा चन्नप्पा चुना विरवायचा आणि महिनाभर खड्ड्यात मुरल्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी सेक्रेटरी, मला कायम घाई. त्याचे-माझे रोज खटके उडायचे.

गावच्या शाळेसाठी केलेल्या फरशा पोत्यांखाली असतानाच चन्नप्पा छातीत कळ येऊन गेला. त्याच्या मानाखातर आम्ही तीन दिवस काम बंद ठेवलं. शेडला कुलूप मीच लावलं. सुतकाचं पाणी नको म्हणून नीलम्माची घागरही दहा दिवस बंद केली. पोत्यांचा विचार एकाच्याही डोक्यात आला नाही. माझ्या अकलेची मला आजही लाज वाटते.

माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मा डोक्यावर घागर घेऊन माझ्या दारात उभी.

"सेक्रेटरीसाहेब, किल्ली द्या."

आमची चेअरमन छबुबाई मागून धावत आली. "अगं, कालच माती दिली. सुतक हाय की तुला!"

"आमच्या लिंगायतांत सुतक पाळत न्हाईत, छबुबाई. दुःख हाय, ते घिऊनच आले मी. पर यांच्या हातचा चुना आता एवढाच राहिलाय. त्यो पाण्याबिगर कावून मारता?"

मी कुलूप काढलं. पोती कडक वाळली होती. कडेच्या रांगा तडकल्या होत्या, मधल्या अजून शाबूत होत्या. नीलम्मा पाणी शिंपडू लागली. छबुबाई घरी जाऊन प्यायच्या पाण्याची घागर घेऊन आली.

शाबूत फरशा शाळेत बसल्या. तडकलेल्या सदतीस फरशा मी फेकायला सांगितल्या, तर नीलम्मानं त्या घरी नेऊन दारात, चन्नप्पाच्या बसायच्या जागी बसवल्या. एकवीस दिवस केव्हाच सरले, तरी ती रोज सकाळी त्यांच्यावर तांब्याभर पाणी ओतायची. थेंबभर पाण्यासाठी अख्ख्या गावाशी भांडणारा मी, तिला मात्र कधी काही बोललो नाही.