लडकूचा भरीव शाफ्ट

"लडकू, तोंडी सांगून तुला पटत नाही, म्हणून हे पत्र. टेम्पोच्या मागच्या चाकांना ताकद नेणारा शाफ्ट पोकळ नळीचा कर. हलका राहील, वेगात थरथरणार नाही."

पत्र आक्कांचं. त्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवून निवृत्त झालेल्या. भिवंडीजवळच्या कोन गावच्या रस्त्यावरचा वर्कशॉपवाला लडकू पत्र घेऊनच त्यांच्या घरी आला.

"पोकळ माल दिऊन गिऱ्हाइकाला फसवू काय, आक्का?"

त्याने भरीव रॉडचेच शाफ्ट केले. एकही थरथरला नाही, कारण भिवंडीच्या खड्ड्यांत टेम्पोला वेग येतच नव्हता.

मग २००६ साली त्याच्या मुलाने, विशालने, नाशिकची भाडी धरली. हायवेवर वेग येताच भरीव शाफ्टचा टेम्पो थडथडू लागला.

"रस्ता गुळगुळीत हाय, त्याला सवय न्हाय," लडकू आक्कांना म्हणाला. पण घाबरला होता. "सोमवारी कळंबोलीच्या लोखंड बाजारात नळी आणाया जाऊ. तवर विशाल हळू चालवंल."

आक्का सोमवारी तयार होऊन बसल्या. लडकू आलाच नाही. विशाल अजून हळू चालवतो.