मागे हाक देणारे कोणी नाही

इंद्रायणीबाई वाहन परवान्याच्या परीक्षेत नापास झाल्या, ही बातमी दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्टरच्या बागेत सर्वांना ठाऊक झाली होती.

बाईंचा उभा संसार चंदीगडमध्ये झाला. यजमान श्यामकांत सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत उपकरणे बनवीत. ते वारले, आणि त्यांची पांढरी गाडी दारात धूळ खात उभी राहिली. बेंगळुरूहून लेक कश्मिरा फोनवर म्हणे, "आई, चलानी तो आती नहीं. गाड़ी बेच दो ना, और घर बंद करके इधर आ जाओ." बाई मराठीत बोलत, लेक हिंदीत उत्तर देई. दिवाळीपर्यंत परवाना मिळाला नाही तर गाडी विकून तुझ्याकडे येईन, असा शब्द बाईंनी दिला होता.

परीक्षेत वळणे झाली, चढावर थांबणेही झाले. मग गाडी मागे घ्यायची होती. मध्ये थांबायचे नाही, असा नियम होता आणि खांबावरचे कॅमेरे पाहत होते. बाईंनी अर्ध्यावर ब्रेक दाबला आणि त्या वाट पाहत राहिल्या.

कशाची, हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. श्यामकांत गाडी मागे घेऊ लागले की बाई खाली उतरून मागे उभ्या राहत. "या, या, येऊ द्या... बस!" बाईंची हाक आल्याशिवाय ते तसूभर हलत नसत. शिकवणारा मास्तरही शेजारी बसून "आने दो, आने दो" म्हणे. परीक्षेत मात्र कोणीच काही म्हटले नाही.

बागेत रोज फिरायला येणारे विक्रमजी ज्येष्ठांसाठी परीक्षा सोपी करावी, म्हणून सह्या गोळा करीत होते.

"आंटीजी, ये टेस्ट है या सर्कस? हमने तो मैदान में एक चक्कर लगाया था, लाइसेंस हाथ में!"

"तभी आपकी गाड़ी के चारों कोने पिचके हुए हैं," बाकावरून रागिणीबाई म्हणाल्या. त्यांच्या पायात अपघातापासून सळई होती. "मुझे टक्कर मारने वाले के पास भी लाइसेंस था जी. और सख़्त करो टेस्ट!"

"आंटीजी, आप साइन करो. सबसे पहला हक़ आपका."

बाईंनी पेन परत केले. "मुझे ठीक फेल किया, भाईसाहब. पीछे कोई है या नहीं, मैंने देखा ही नहीं था."

विक्रमजी हसले. "लो जी, फेल होके भी कैमरे की पार्टी में!"

त्या दिवसापासून कोणी बाईंना बाकावर जागा करून देईना, फक्त रागिणीबाई मान हलवीत. बाई एकट्याच फेऱ्या मारून घरी येत, आणि दारातल्या गाडीत बसून आरशात पाहण्याचा सराव करीत.

दिवाळीच्या तोंडावर दुसरी परीक्षा झाली. गाडी मागे घेताना बाईंनी तिन्ही आरसे पाहिले, मान वळवली आणि पुटपुटल्या, "या, या, येऊ द्या." गाडी थांबली नाही. त्या उत्तीर्ण झाल्या.

संध्याकाळी कश्मिराला त्यांनी कळवले, "गाडी विकायची नाही."

"पक्का?"

"पक्का."

लेक म्हणाली, "ठीक है, आई. संभल के."

फोन ठेवून बाई बाहेर आल्या. गाडी काढून त्यांनी चौकाला एक वळसा घातला आणि परत येऊन ती मागे घेत दारातल्या जागेवर आणली.

"बस," त्या म्हणाल्या, आणि इंजिन बंद करून अंधार पडेपर्यंत आतच बसून राहिल्या.