मासेसाहेबांचं विमान

मत्स्यखात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला नौदलाच्या जुन्या विमानांच्या संग्रहालयाचा प्रमुख का नेमलं, असं कुणी विचारलं की वरचे लोक सांगत, "समुद्राशी संबंध आहे ना." मासे समुद्रात, युद्धनौका समुद्रात आणि नौकेवरून उडालेलं विमान शेवटी समुद्रावरच. तर्क बिनतोड होता. पहिल्याच आठवड्यात शिपायांनी त्यांचं नाव मासेसाहेब ठेवलं. ते कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. आधीच्या कचेरीत त्यांना नावं ठेवण्याइतकीही कुणी दखल घेतली नव्हती.

माणूस सरळ. कुणी आवाज चढवला की "बघतो, बघतो" म्हणायचं आणि खरंच बघत राहायचं, ही सवय. विमानात ते जन्मात बसले नव्हते. गच्चीच्या कठड्याशीही ते कधी जात नसत.

संग्रहालयात एकच मोठं दालन होतं. भिंतींवर आजवरच्या प्रमुखांच्या तसबिरी आणि मधोमध, काचेच्या पेटीत, खुद्द संग्रहालयाची प्रतिकृती. तिचा रंग उडू नये म्हणून एसी रात्रंदिवस चालू. अख्खं असं विमान एकच होतं, ते मात्र बाहेर आवारात, समुद्राकडे तोंड करून, खारं वारं खात उभं. एके काळी ते युद्धनौकेच्या डेकवर उतरायचं. जागा वाचावी म्हणून त्याचे पंख दुमडायचे, आणि शेपटीखाली डेकवरचा दोर पकडायला लोखंडी आकडा होता. ते बाहेर का, असं मासेसाहेबांनी विचारलं तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, "उडताना कुठे त्याला छप्पर होतं?"

एकदा विमानाच्या पोटावरून हात फिरवला तर पांढरी भुकटी हाताला आली. त्यांना वाटलं, रंगकाम करताना कुणी चुना सांडला. मेहुणी कॉलेजात धातुशास्त्र शिकवायची, तिला बोलावून दाखवलं. ती वाकली, नखाने खरवडलं आणि म्हणाली, "भावोजी, चुना नाही हा. विमान चाललंय तुमचं." मिठाने ॲल्युमिनियम खाल्लं जातं, हे तिने समजावलं. गोड्या पाण्याने धुवा, मेण लावा, पंखाखालची पाणी निघायची बारीक भोकं तारेने मोकळी ठेवा. पण खरं औषध एकच, ते आत घ्या. नाहीतर पुढच्या प्रमुखाला नुसता आकडा सांभाळावा लागेल.

तेव्हापासून मासेसाहेब सुट्टीच्या दिवशीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाइप आणि स्पंज घेऊन विमान धुताना दिसू लागले. बायको म्हणाली, घरची स्कूटर कधी पुसली नाहीत. स्कूटर काही ऐतिहासिक नाही, असं ते बोलून गेले. त्यावर तिने आठवडाभर रोज दुधीचीच भाजी वाढली. इकडे त्यांना विमानाचा लळा लागला होता. हलत्या जहाजावर, एवढ्याशा पट्टीवर हे उतरवायचं, ही नुसती कल्पना केली तरी बसल्या जागी ते खुर्चीचे हात घट्ट धरत. दुपारचा डबा ते पंखाखाली बसून खाऊ लागले.

मग धीर करून त्यांनी समितीपुढे विषय मांडला. समिती थंडगार दालनात बसली. दारातून ते मावणार कसं, असं एकाने विचारलं. पंख दुमडतात, हे मासेसाहेबांनी सांगितलं. दुसऱ्यांनी विचारलं, माजी प्रमुखांना कुठे हलवायचं? त्यांतले दोघे समितीवरच होते. तिसऱ्यांना वेगळीच काळजी. विमान आत आणलं तर लोक ते बघायला आत येतील आणि फरशी घाण होईल. अखेर ठराव झाला की विमानाची छोटी प्रतिकृती करून पेटीत ठेवावी, म्हणजे ती तरी टिकेल.

त्याच सुमारास मंत्र्यांची भेट ठरली. सचिवांनी विमान चकचकीत करायचं फर्मान सोडलं. ठेकेदाराने जुन्या रंगावर ऑइलपेंट चढवला आणि पंखाखालची भोकं पुट्टी भरून गुळगुळीत करायला घेतली. "भोकं बरी दिसत नाहीत, साहेब," तो म्हणाला. मासेसाहेबांनी त्याला अडवलं. तासाभरात सचिवांचा फोन आला, आणि फोनवर मासेसाहेब "बघतो, बघतो" म्हणाले. भोकं बुजली. पुढे चार दिवस पाऊस लागला. पंखाच्या वरच्या सांध्यांतून पाणी आत जात होतं आणि खाली वाट बंद होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. भेटीच्या सकाळी ते खिशात तार घेऊन पंखाखाली गेलेही. पण नवा रंग असा चमकत होता की त्यावर ओरखडा काढायला हात धजेना. तार खिशातच राहिली.

मंत्री पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. भाषण झालं. नंतर फोटोग्राफरने सुचवलं, साहेब स्वतः विमान दुरुस्त करताहेत असा एक फोटो हवा. स्क्रू ड्रायव्हर आला. मंत्र्यांनी तो पंखाखाली टेकवला, तो नेमका एका बुजवलेल्या भोकावर.

"साहेब, तिथे नको," ते म्हणाले. पण इतक्या हळू की ते फक्त सचिवांना ऐकू गेलं, आणि सचिवांनी डोळे वटारले.

"जरा दाबल्यासारखं करा," फोटोग्राफर म्हणाला.

मंत्र्यांनी दाबलं. पुट्टीचं बूच निघालं, आणि चार दिवसांचं तपकिरी पाणी, कबुतरांच्या घरट्यातल्या बारीक काड्यांसकट, त्यांच्या कपाळापासून बुटांपर्यंत उतरलं. फोटोग्राफर आपल्या कामाला जागला. तो फोटो काढत राहिला.

चौकशी बसली. ठेकेदाराने पावसाला दोष दिला, सचिवांनी ठेकेदाराला, समितीने कबुतरांना. मासेसाहेबांना विचारलं, तुम्हाला हे माहीत होतं का?

"माहीत होतं," ते म्हणाले. "सांगितलंही होतं. जोरात सांगितलं नाही, तेवढी चूक माझी."

अशी आयती चूक कोण सोडणार? सगळं खापर त्यांच्यावर फुटलं आणि त्यांची बदली पाणीपुरवठा खात्यात झाली. पण त्याच अहवालात एक शिफारस होती: हे विमान उघड्यावर असणं मान्यवरांच्या दृष्टीने धोकादायक आहे, सबब ते तातडीने आत घ्यावं. धातुशास्त्राला जे जमलं नाही, ते एका भिजलेल्या पोशाखाने करून दाखवलं. माजी प्रमुख व्हरांड्यात गेले, काचेची पेटी कोठीत गेली.

काही महिन्यांनी मासेसाहेब तिकीट काढून आत गेले. बरोबर बायको होती; ती पहिल्यांदाच येत होती. पंख दुमडून विमान दालनात उभं होतं. ऑइलपेंट उतरवलेला, खालचा जुना राखाडी रंग दिसत होता. मासेसाहेबांनी नकळत हात पुढे केला.

"काका, हात लावायचा नाही," नवा रखवालदार म्हणाला.

"बरोबर आहे," मासेसाहेब म्हणाले आणि चटकन हात मागे घेतला. "असंच सांगत जा सगळ्यांना."

बायको मान वर करून बघत राहिली होती.

"एवढं मोठं आहे होय हे?" ती म्हणाली. "तुम्ही घरी बोलायचात, त्यावरून मला वाटायचं, कडेवर मावेल एवढं असेल."